गोव्याच्या सहलीत दारूचा खरा हिशेब

कोल्हापूरहून गोव्याला निघालेल्या ग्रुपची वर्गणी डिझेल, खोली, जेवण आणि ‘बसणं’ अशी ठरते. गोव्यात बाटली स्वस्त, म्हणून शेवटच्या खर्चाचा कुणी फारसा विचार करत नाही. पण त्या बाटलीला दोन खर्च चिकटलेले असतात: न पिणारा ड्रायव्हर आणि पिण्याच्या जागेपासून चालत गाठता येईल अशी खोली. हे पैसे आधी बाजूला काढा. उरतील त्यात बाटली बसवा.

ड्रायव्हर की दंड?

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५,००० रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. अपघात झालाच, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

ड्रायव्हर ठरवताना रोज, जेवण आणि त्याची झोपायची सोय आधीच बोलून घ्या. त्याला रात्रभर जागवून पहाटे आंबोली घाटात गाडी घालायला लावू नका. ग्रुपमधलाच कुणी चालवणार असेल, तर त्याच्याकडून दारूची वर्गणी घेऊ नका आणि ‘एक घे की रं’ म्हणून आग्रहही करू नका.

किती म्हणजे किती?

३० मिलिलिटर व्हिस्की किंवा रममध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे ६० च्या लार्ज पेगमध्ये २० ग्रॅम आणि १८० च्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. बिअर हलकी, हा समज सोडा: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० ची बाटली दोन लार्ज पेगांएवढी भरते. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी एक लार्ज घेतला, तरी तो कायद्याची मर्यादा ओलांडू शकतो.

यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच अल्कोहोल निकालात काढते. रात्री एक वाजता क्वार्टर संपवली, तर ती पुरती उतरायला सकाळचे सात ते दहा वाजतात. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी झोप उडते, रक्तातली दारू जात नाही. परतीचा प्रवास दुपारच्या जेवणानंतर ठेवा.

स्वस्त बाटली महाग कधी पडते?

गोव्यासाठी तयार झालेली दारू महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे. गोव्यात घेतलेले बिल इथे उपयोगाचे नाही. इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क विभाग गाड्या तपासतो. माल सापडला तर गुन्हा नोंदतो आणि गाडीही जप्त होते. एका खंब्यामागे वाचलेल्या चार पैशांसाठी गाडी पणाला लावू नका.

महाराष्ट्रात पिणार असाल तर परवाना काढा: विदेशी मद्याचा एक दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० आणि आजीवन १,००० रुपयांना. बिअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण हवे, त्याहून कडक दारूसाठी २५. गोव्यात वयाची अट १८ आहे. पण तिथेही किनाऱ्यावर उघड्यावर पिणाऱ्याला दंडाची तरतूद आहे.

कडा आणि पाणी

जुलै २०१७ च्या अखेरीस आंबोलीच्या कावळेसाद पॉइंटवर गडहिंग्लजहून आलेल्या ग्रुपमधले दोन तरुण दारूच्या नशेत संरक्षक कठडा ओलांडून कड्यावर गेले आणि दरीत पडून दगावले. त्यांचा शेवटचा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. दारू आधी अंदाज घालवते, तोल नंतर जातो. म्हणून धबधबा, कडा आणि समुद्र सकाळी उरका. बसायचे ते मुक्कामी पोचल्यावर. पेग घेतल्यावर गुडघाभर पाण्यातही उतरू नका.

तब्येत बिघडली तर

हलवूनही जागा होत नाही, श्वास संथ किंवा अडखळत चालतो, अंग गार पडते, ओठ निळे दिसतात, अशा माणसाला ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडू नका. त्याला कुशीवर वळवा, उलटी करवू नका, काही पाजू नका, एकटे ठेवू नका. १०८ वर फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात आणि गोव्यात मोफत आहे. किती प्यायला हे डॉक्टरांना खरे सांगा. झोपेच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

दारू सीलबंद बाटलीतलीच घ्या. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. त्यातले मिथेनॉल चवीवरून ओळखता येत नाही.

वर्गणी गोळा करताना

पहिली ओळ ड्रायव्हरची लिहा, दुसरी खोलीची, तिसरी जेवणाची. बाटली चौथी. पैसे कमी पडले तर काटछाट खालून वर करा.