आमदारांच्या पत्राआधी

अगं, सासऱ्यांना बायपास सांगितली आहे आणि कुणीतरी तुला म्हणालं की आमदारांचं पत्र नेलं की बिल अर्ध्यावर येतं, हे कळल्यापासून तुझ्याशी नीट बोलायचं मनात होतं. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून आज सवडीने सांगते.

पत्र आणू नकोस, असं मी म्हणणार नाही. अडलेल्या माणसाने दार ठोठावायलाच हवं, आणि लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात बसलेली माणसं बऱ्याचदा मनापासून फोनाफोनी करतात. पण ते पत्र नेमकं कशाच्या जोरावर चालतं, हे तुला ठाऊक हवं. रुग्णालय जी सवलत देतं, तिच्यातला मोठा भाग कायद्याने आधीच ठरलेला असतो. तो माहीत नसला की हक्काची गोष्ट उपकार म्हणून पदरात पडते, आणि ज्या घरी पत्र आणणारं कुणी नाही त्यांना ती मिळतच नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

पुण्यातली बरीच मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली त्यांच्यावर एक जबाबदारी आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये तिची योजनाच घालून दिली. एकूण खाटांपैकी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. निर्धन म्हणजे वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे 3 लाख 60 हजारांपर्यंत. शिवाय प्रत्येक बिलाच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची आणि तो निधी याच रुग्णांवर खर्च करायचा. रुग्णालयात त्याला ‘आयपीएफ’ म्हणतात. काउंटरवर जाऊन ‘काही कमी होईल का हो?’ असं विचारू नकोस. ‘मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात? आम्हाला आयपीएफचा अर्ज द्यायचा आहे’ असं म्हण. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो महा ई-सेवा केंद्रातून काढायला वेळ जातो, म्हणून ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी त्या कामाला लाग. सासऱ्यांची पेन्शन आणि तुमच्या दोघांचे पगार धरून तुम्ही या मर्यादेत बसत नसाल, तर मात्र तो दाखला मागूही नकोस. त्या खाटा ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यासाठी राहू देत.

तुमच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती बऱ्याच मध्यमवर्गीय घरांना अजून माहीत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना. 2012 मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांसाठी होती. आता पांढरी शिधापत्रिकाही चालते, आणि 1 जुलै 2024 पासून संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया तिच्यात आहेत. फक्त रुग्णालय योजनेतलं हवं. तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होतानाच त्याच्याकडे शिधापत्रिका आणि आधार दे. हे ‘दाखल होतानाच’ लक्षात ठेव, कारण ही योजना रोखविरहित आहे. आधी तुम्ही पैसे भरले आणि नंतर योजना आठवली, तर भरलेले पैसे परत मिळत नाहीत. 155388 वर फोन केलास तर कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते कळेल.

आता आपल्या धायरीचं. तू इथे राहायला आलीस ते 2025 च्या पावसाळ्यानंतर, म्हणून त्याच वर्षीच्या जानेवारीत इथे काय चाललं होतं ते तुला ऐकूनच माहीत. किरकटवाडी, नांदोशी, नांदेड, धायरी, डीएसके विश्व या सगळ्या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण सापडायला लागले. आधी जुलाब, उलट्या, मग हातापायातली ताकद जायची, काहींना थेट व्हेंटिलेटर. पुणे परिसरात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही माणसं दगावली. अनेकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जातो. उपचारातलं इम्युनोग्लोब्युलिनचं एक इंजेक्शन वीस हजारांच्या घरात, आणि रुग्णाला अशी बरीच लागतात. लोकांनी दागिने मोडले. ओरड झाल्यावर तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार यांनी मोफत उपचारांची घोषणा केली. शहरातल्या रुग्णांसाठी महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, ग्रामीण भागासाठी ससून. जन आरोग्य योजनेतली या आजाराची रक्कमही 80 हजारांवरून 1 लाख 60 हजार झाली. लोकांनी आवाज केला की सरकारी दर हलतो, हे इथे आमच्या डोळ्यांदेखत घडलं आहे.

त्याच्यापेक्षा महत्त्वाचं पुढे घडलं. आपल्याकडे नळाचं पाणी पुरत नाही आणि त्याचा भरवसाही वाटत नाही, म्हणून घरोघरी वीस लिटरचे जार येतात. ‘आरओचं पाणी आहे’ म्हटलं की आपण निर्धास्त. त्या फेब्रुवारीत महापालिकेने नांदेड, धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या भागातले असे खासगी प्लांट तपासले आणि तीसच्या आसपास सील केले. काहींकडे परवानगी नव्हती, काहींच्या पाण्यात ई-कोलाय सापडला, काही ठिकाणी पाण्यात जंतुनाशकच नव्हतं. म्हणजे जे पाणी आपण आजाराच्या भीतीने विकत घेत होतो, त्यातलं काही पाणी आजारासारखंच धोक्याचं होतं. मला तेव्हा इतका राग आला होता! आरओ यंत्र पाण्यातलं क्लोरीनही काढून टाकतं, म्हणून ते पाणी नीट न धुतलेल्या जारमध्ये भरलं तर जंतू वाढायला रान मोकळं.

तुझ्या घरात लहान मूल आहे. जार येणार असेल तर त्याच्यावर अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक, भरल्याची तारीख, सीलबंद झाकण आहे का ते बघ. नसेल तर ते पाणी फक्त भांड्यांना. पावती माग. जारवाला हसेल, हसू दे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मागितलेली पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि उद्या काही झालंच तर तू त्याची ग्राहक होतीस याचा पुरावा ती पावतीच असते. पिण्याचं पाणी सरळ उकळ. सोसायटीच्या टाकीची ओटी टेस्ट करायला सेक्रेटरींच्या मागे लाग. औषधाचे दोन थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं, म्हणजे त्यात क्लोरीन आहे. नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, असं भारतीय मानक सांगतं. पाणी रंगहीनच राहिलं तर तो टँकर कुठल्या विहिरीवरून भरला, हे विचारायचा तुला पूर्ण अधिकार आहे. पैसे तुम्ही मोजता ना!

रुग्णालयातही तू तितकीच ग्राहक आहेस. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जिथे काही रुग्ण पैसे देतात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तिथला मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. आपल्या राज्यात रुग्णालयांची नोंदणी 1949 च्या नर्सिंग होम कायद्याने होते, आणि 2021 मध्ये त्याचे नियम बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं तेव्हापासून बंधनकारक आहे. पैशांसाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. हे नियम व्हावेत म्हणून जन आरोग्य अभियान आणि पुण्यातल्या ‘साथी’ संस्थेच्या लोकांनी वर्षानुवर्षं चिकाटीने पाठपुरावा केला आहे. दाखल करायला जाशील तेव्हा भिंतीवर तो फलक शोध. नसेल तर फोटो काढून महापालिकेच्या आरोग्य विभागाला पाठव, कारण शहरात या कायद्याची देखरेख त्यांच्याकडे असते.

तातडीच्या वेळी आधी अनामत भरा, मग हात लावू, असं कुणी म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय की जीव वाचवणं हे पहिलं कर्तव्य. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात एका गरोदर बाईच्या मृत्यूनंतर अनामतीवरून केवढा गदारोळ झाला, तो आठवत असेल. त्या बाईचे यजमान एका आमदारांकडे काम करत होते, म्हणून गोष्ट वर आली. ज्यांच्या घरी आमदाराची ओळख नाही, अशांच्या किती गोष्टी वर येत नसतील.

बिलाचं सांगते. ठोक आकडा स्वीकारू नकोस, तपशीलवार बिल माग, ‘इतर खर्च’ म्हणजे काय ते शांतपणे विचार. औषधं आतल्याच दुकानातून घ्या, अशी सक्ती नाही. अन्न व औषध प्रशासनाने 2025 मध्ये रुग्णालयातल्या औषध दुकानांना तसा फलक लावायला सांगितलं आहे. केसपेपरच्या प्रती लेखी मागितल्या की 72 तासांत द्याव्या लागतात. आणि दिराला सांगून ठेव, आवाज चढवायचा नाही. डॉक्टर, नर्स रात्रंदिवस राबतात, आणि प्रत्येक अपयश हा निष्काळजीपणा नसतो. आरडाओरड करणाऱ्याची तक्रार पुढे कुणी गांभीर्याने घेतही नाही.

तरीही फसवणूक झालीच, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, वकील लागतोच असं नाही, 5 लाखांपर्यंत मोजलेल्या पैशांसाठी शुल्क शून्य, आणि तू राहतेस त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आधी 1915 वर फोन केलास तर पुष्कळदा तिथेच मिटतं. विमा कंपनीने दावा नाकारला तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जायचं, त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, खर्च काही नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायतीची सुरुवात याच पुण्यात केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो यायला 1986 उजाडलं. इतक्या वर्षांच्या खटपटीने जे हाताशी आलं आहे, ते आपण बायकांनी वापरायला नको का?

आता आमदारांकडे काय मागायचं ते ऐक. आपण खडकवासला मतदारसंघात, भीमराव तापकीर 2011 च्या पोटनिवडणुकीपासून आपले आमदार. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. गुलेन बारीची साथ आली तेव्हा नगरसेवक म्हणून दार वाजवायला कुणीच नव्हतं, सगळा भार आमदारांवर. पण नळ, गटार, टँकर ही महापालिकेची कामं, आणि कायदे, नियम, दर ही विधानसभेची. कुणाही आमदाराचा कार्यअहवाल घरी आला की आपण रस्त्यांचे आणि नेत्रतपासणी शिबिरांचे फोटो बघतो. शिबिरं चांगलीच असतात, माझ्या शेजारच्या आजींचा मोतीबिंदू त्यातूनच निघाला. तू मात्र त्या अहवालात सभागृहातलं काम शोध. कुठले तारांकित प्रश्न विचारले, कुठली लक्षवेधी लावली, आणि त्यातलं किती आरोग्याबद्दल होतं.

कोविडमध्ये, मे 2020 मध्ये, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. साध्या वॉर्डला दिवसाला 4 हजार, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाला 9 हजार. बिलांचं लेखापरीक्षण झालं, लोकांना पैसे परत मिळाले. म्हणजे ते करता येतं. आज दरपत्रक लावायची सक्ती आहे, पण त्यावरचे आकडे किती असावेत यावर बंधन नाही. निदान नेहमीच्या शस्त्रक्रियांसाठी दरांचा पट्टा का ठरवत नाहीत, हे आमदारांनी सभागृहात विचारावं. शहरातल्या किती रुग्णालयांची 2021 च्या नियमांनुसार तपासणी झाली, किती नोटिसा गेल्या, हेही. आणि सिंहगड रस्त्यावर सील केलेल्या प्लांटपैकी कुठले पुन्हा सुरू झाले, कुठल्या अहवालाच्या आधारावर, हे तर धायरीकरांनी विचारायलाच हवं.

हे तोंडी सांगून उपयोग नाही. कार्यक्रमात माणसांचा गराडा असतो, आमदार ‘बघतो ताई’ म्हणतात आणि पुढे जातात, त्यात त्यांचाही दोष नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर एका पानाचा अर्ज लिही, दहा-वीस घरांच्या सह्या घे, बायकांच्या आधी. दोन प्रती कर, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घे. अधिवेशन मुंबईत असो की डिसेंबरात नागपूरला, प्रश्न आधीच द्यावे लागतात, तेव्हा अर्ज महिना-दीड महिना अगोदर पोहोचायला हवा. अधिवेशन संपलं की तीच पोच घेऊन पुन्हा कार्यालयात जा आणि प्रश्न लागला का, उत्तर काय आलं, ते लेखी माग. अर्जाचा मसुदा मी करून ठेवते, तुमच्या विंगमधल्या सह्या तू बघ.