भडोच : भरती-ओहोटीवर जगलेले बंदर

बडोद्याहून सुरतेकडे जाणारी आगगाडी भडोच स्टेशन सोडते न सोडते तोच नर्मदेच्या पुलावर येते. डब्यातील वृद्ध मंडळी हात जोडतात, कोणी पाण्यात नाणे टाकतो, आणि थोड्याच वेळात नदी मागे पडते. या घाईत उजव्या तीरावरील टेकाडावर वसलेले जे जुने शहर आपल्या दृष्टीतून निसटते, ते दोन हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. त्याची थोडी हकीकत आम्ही येथे देत आहोत. कारण हे बंदर जितके गुजरातचे, तितकेच आपल्या पैठणचे आणि तेरचेही होते.

भृगु ऋषींच्या नावावरून या स्थानास भृगुकच्छ म्हणत. कच्छ म्हणजे पाण्याकाठची भूमी. पाली ग्रंथांतून त्याचे भरुकच्छ झाले, ग्रीकांनी बारिगाझा केले, इंग्रजांनी ब्रोच केले. आपण मराठीत भडोच म्हणतो आणि तेथील लोक भरूच म्हणतात. जातककथांत याच भरुकच्छाचा सुप्पारक नावाचा एक तांडेल आहे. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली. तरीही व्यापारी त्याच्यावाचून गलबत हाकारीत नाहीत. ही कथाच आहे, इतिहास नव्हे. परंतु डोळ्यांपेक्षा पाण्याचे ज्ञान अधिक मोलाचे, ही कल्पना भडोचच्याच खलाशाविषयी रचली जावी, यात नवल नाही.

ते का, हे समजण्यास एका ग्रीक पुस्तकाकडे वळले पाहिजे. ‘पेरिप्लस’ म्हणजे समुद्रप्रवासाची माहिती. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास, इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा अनामिक व्यापाऱ्याने ती लिहून ठेवली. हा गृहस्थ मोठा व्यवहारी दिसतो. देवळे-राउळे यांचे वर्णन तो फारसे करीत नाही; कोठे काय विकते आणि कोठे गलबत बुडते, एवढेच त्याला सांगावयाचे आहे. खंबायतच्या आखाताविषयी मात्र त्याची लेखणी एकदम थरारते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती इतक्या वेगाने येते, की क्षणापूर्वी जेथे कोरडी जमीन होती तेथे समुद्र होतो, आणि गलबते चालत होती तेथे तळ उघडा पडतो. लांबून सैन्याच्या कोलाहलासारखा आवाज ऐकू येतो व लहान होड्या उलटतात, असे तो सांगतो.

अशा पाण्यात परक्या गलबताने नदीत शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून राजाने एक व्यवस्था केली होती. राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी मोठ्या, पुष्कळ माणसे असलेल्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत समोर जात. तेथून ते आलेल्या गलबतांना वाळूच्या दांड्यांमधून वाट दाखवीत, दोर लावून ओढीत. भरती लागली की पुढे सरकत, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहांत नांगर टाकून थांबत. मुखापासून शहरापर्यंतचा ३०० स्टेडिया, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरांचा मार्ग असा टप्प्याटप्प्याने कापला जाई. आमच्या मते भडोचचे खरे भांडवल हेच होते. बंदर म्हटले की आपण व्यापारी आणि राजे आठवतो; या कोळ्यांचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही.

एवढे संकट सोसून गलबते का येत, याचे उत्तर मालाच्या यादीत आहे. बाहेरून मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सुरमा आणि सोन्याचांदीची नाणी येत. येथून जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, पिंपळी आणि सर्व तऱ्हेचे सुती कापड जाई. पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असून तेथून पुष्कळ अकीक येतो, आणि त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवरील तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून जाडेभरडे कापड व मलमल येते, असे हा लेखक नमूद करतो. हा माल बैलगाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून येई.

बंदरावर ज्याची सत्ता, त्याच्या हाती जकात; तेव्हा क्षत्रप आणि सातवाहन यांचे वैर अटळच होते. क्षत्रपांनी कल्याणची वाट अडविली होती. तेथे चुकून गेलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला पाठविली जात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भडोच व सोपारा येथे विश्रामगृहे बांधल्याचे नाशिकच्या लेण्यांत कोरलेले आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली, त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे.

सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग येथे आला, तेव्हा लोक समुद्राचे पाणी आटवून मीठ करीत व सागरी व्यापारावरच निर्वाह करीत. पुढे खंबायत आणि मग सुरत पुढे सरसावले. तरी भडोचच्या कापडासाठी इंग्रजांनी १६१६ मध्ये येथे वखार घातली. डचांची थडगी शहराबाहेर अद्याप उभी आहेत. १७७२ मध्ये इंग्रजांनी शहर जिंकले, १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर ते महादजी शिंद्यांकडे आले, आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी ते परत घेतले. नदीचा गाळ, जहाजांचा वाढता आकार आणि अखेर लोहमार्ग यांनी बंदर मागे पाडले. १८८१ मध्ये पुरा झालेला लोखंडी ‘गोल्डन ब्रिज’ आज शहराची खूण झाला आहे. २०२१ मध्ये शेजारी नवा पूल झाला आणि वाहनांचा भार त्यावर गेला. बंदराच्या जुन्या वस्तीचे फुरजा हे नाव मात्र टिकून आहे.

आजचे भडोच खारे शेंगदाणे आणि हातमागावरील सुजनी यांसाठी ओळखले जाते. पलीकडे अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडले व रासायनिक कारखाने वाढले. मुखाजवळ दहेज येथे मोठे बंदर झाले. पण पाण्याचा स्वभाव बदललेला नाही. २०१७ मध्ये दहेज ते घोघा अशी फेरी बोट मोठ्या थाटाने सुरू झाली. गाळामुळे दहेजला पुरेशी खोली मिळेना, आणि २०२० मध्ये ती सेवा हजिऱ्यास न्यावी लागली.

बदलली आहे ती नदी. सरदार सरोवर धरण पूर्ण झाल्यावर खाली येणारे गोडे पाणी उन्हाळ्यात फार कमी पडू लागले व समुद्राचे खारे पाणी आत चढू लागले. पावसाळ्यात अंडी घालण्यास नदीत शिरणारा हिलसा मासा घटला. कोळ्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्याच्यावरच असे. उलट सप्टेंबर २०२३ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने भडोच व अंकलेश्वरच्या सखल वस्त्या बुडाल्या. खारे पाणी रोखण्यासाठी भाडभूत येथे नदीवर बंधारा घालण्याची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. त्याने शेतीस व शहरास गोडे पाणी मिळेल, असे सरकार म्हणते. माशांची वाटच बंद होईल, असे कोळी म्हणतात. दोन्ही म्हणणी खरी असणे शक्य आहे, आणि तेच कठीण आहे.

नर्मदेची परिक्रमा करणारे मराठी यात्रेकरू दक्षिण तीर संपवून मुखाशी येतात, तेव्हा पलीकडे मिठी तलाईस जाण्यास त्यांना होडीत बसावे लागते. ती होडी घड्याळाप्रमाणे सुटत नाही. कधी दुपारी, कधी मध्यरात्री, भरती लागेपर्यंत सारे किनाऱ्यावर बसून राहतात, आणि केव्हा निघावयाचे ते नावाडी सांगतो.