प्रतिकृतीची शाळा

थोर चित्रकाराच्या चित्राची नक्कल करणें हें कमीपणाचें लक्षण आहे, असा समज विद्यार्थीवर्गांत बराच रूढ आहे. उलटपक्षीं, हुबेहूब नक्कल साधली कीं आपण चित्रकार झालों, असें मानणारेही कांहीं थोडे नाहींत. या दोन्ही समजुती पारखून पाहण्यास इंग्लंडचा निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल याचें उदाहरण आम्हांस उपयोगी वाटतें.

कॉन्स्टेबल १७७६ सालीं सफोक परगण्यांत एका गिरणीवाल्याच्या घरीं जन्मला. सतराव्या शतकांतील क्लॉद लोरें याचीं चित्रें त्यास तरुणपणीं सर जॉर्ज बोमंट यांच्या संग्रहांत पाहावयास मिळालीं व त्यानें त्यांच्या प्रती केल्या. पुढें १८०२ सालीं, आपण सत्य दुसऱ्याच्या हातून घेत आलों, अशी खंत त्यानें एका मित्रास कळविली, आणि खुद्द निसर्गापुढें बसण्याचा निश्चय केला. तथापि १८२३ सालीं, वयास सत्तेचाळीस वर्षें झालीं असतां, तो बोमंट यांच्या कोलॉर्टन येथील घरीं कित्येक आठवडे राहून पुन्हां क्लॉदच्या प्रती करीत बसला! त्याचें 'हे वेन' हें सुप्रसिद्ध चित्र तेव्हां पुरें होऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. निसर्गाचें सत्य निसर्गापाशीं शोधावें, परंतु तें मांडावें कसें हें वडील कारागिरांस विचारावें, असा याचा अर्थ आम्ही घेतों.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. चांगल्या छापील चित्रावर समान चौकोन आखून त्याच प्रमाणांत ते कॅनव्हासवर आखावे, म्हणजे क्षितिज व वृक्ष यांचीं स्थानें चुकत नाहींत. नंतर टर्पेंटाईननें पातळ केलेल्या तपकिरी रंगानें केवळ उजेड व छाया मांडावी. डोळे अर्धवट मिटून पाहिलें असतां बारीक तपशील लोपतो व मोठे आकार स्पष्ट होतात. मग आकाश रंगवावें; कारण सर्व देखाव्यास उजेड तेथूनच येतो. दूरचे डोंगर फिकट व निळसर ठेवावे, जवळचे वृक्ष गडद ठेवावे. खालच्या थरांत तेल कमी व वरच्या थरांत अधिक असावें. तैलरंग हवेंतील प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होतो. खालचा तेलकट थर ओला असतां वरचा आधीं वाळला, तर चित्रास भेगा पडतात.

प्रत करतांना एक प्रश्न सतत विचारावा: हा गडद वृक्ष येथेंच कां? तो बोटानें झांकून पाहावा. दूरचा उजेड लागलीच निस्तेज वाटला, तर वृक्षाचें काम समजलें.

प्रतीच्या पाठीमागें मूळ चित्रकाराचें नांव अवश्य लिहावें. १८३२ सालीं रॉइसडाल याच्या हिमचित्राची प्रत करतांना कॉन्स्टेबलनें तींत एक लहानसा कुत्रा जास्त घातला, तो मूळ व प्रत यांची गल्लत होऊं नये म्हणून.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलानें प्रत पुरी केली म्हणजे ती भिंतीवर टांगून थांबूं नये. दुसऱ्याच दिवशीं त्यास रंगपेटीसह गांवाबाहेर धाडावें. झाडाआडून दूरची टेकडी दिसेल तेथें त्यानें बसावें, आणि प्रतींत शिकलेलें तेथें कितपत उपयोगीं पडतें, हें स्वतःच पाहावें.