पाचवं चाक कुठं असतं? हूक, भार आणि तरफेचा एक पाठ



सहावीला 'साधी यंत्रे' शिकवताना तरफेसाठी आपण कात्री, अडकित्ता, चिमटा, सी-सॉ एवढीच उदाहरणं घेतो. उदाहरणं बरोबरच आहेत, पण त्यात कुणाचं काही अडत नाही. अडकित्ता वाकडा धरला तर फार तर सुपारी उडेल. आपल्या भुदरगड तालुक्यात मात्र गळीत हंगाम सुरू झाला की तरफेचं भलंमोठं उदाहरण रोज शाळेच्या रस्त्यावरून जातं. गारगोटीकडून मुदाळ तिट्ट्यावरून बिद्रीच्या कारखान्याकडे निघालेला, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. आपल्या वर्गातली काही मुलं चार-पाच वर्षांत त्याच ट्रॅक्टरवर बसणार आहेत. काही जण ट्रॉली विकत घेतील, हूक वेल्डिंग करून घेतील. म्हणून 'ओढणारी गाडी आणि ओढली जाणारी गाडी कुठं जोडायची' हा प्रश्न घेऊन एक पाठ तयार केला आहे. सहावीपासून दहावीपर्यंत कुठंही थोडा कमी-जास्त करून घेता येतो. दोन तास लागतात.

सुरुवात बैलगाडीपासून करा. दोन चाकं, मध्ये आस, पुढं जू. आस हा टेकू. भार आसाच्या पुढं जास्त पडला तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं, त्याला जुनी माणसं 'धुरजड' म्हणतात. मागं जास्त पडला तर जू वर उचललं जातं, गाडी 'उलाळ' होते. हे दोन शब्द मुलांच्या आजोबांना विचारून आणायला सांगा. एका पोराच्या आजोबांनी सांगितलेलं वाक्य मी फळ्यावर तसंच लिहिलं होतं: "फुडं थोडा दाब पायजेच, न्हायतर गाडी बैलांचं ऐकत न्हाई." पाठ्यपुस्तकातला टेकू, भार आणि बल या एका वाक्यात येतात. 'थोडा' हा शब्द अधोरेखित करा, कारण पुढचा सगळा पाठ त्या 'थोडा' म्हणजे किती, यावरच आहे.

आता प्रयोग. ६० सेंटीमीटर लांबीची फळी घ्या. पुढच्या टोकापासून ४५ सेंटीमीटरवर तिच्याखाली लोखंडी पाइपचा तुकडा ठेवा, हा झाला आस. पुढचं टोक ताणकाट्याला अडकवून फळी आडवी धरा, हा हूक. फळीचं स्वतःचं वजन ६०० ग्रॅम असेल तर ताणकाटा रिकामाच २०० ग्रॅम दाखवेल. का, ते मुलांना शोधू द्या (फळीचा मध्य आसाच्या १५ सेंटीमीटर पुढं आहे). आता एक किलो वाळूची पिशवी आसाच्या पुढं ९ सेंटीमीटरवर ठेवा. वाचन ४०० होईल. पिशवी बरोबर आसावर ठेवली तर पुन्हा २००. आणि आसाच्या मागं ९ सेंटीमीटरवर नेली की वाचन शून्य, तिथून अर्धा सेंटीमीटर जरी मागं सरकवली तरी फळी उलाळते. घर्षणामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, त्याची काळजी नको. वाळू तेवढीच, फळी तीच, फक्त जागा बदलली आणि हुकावरचा भार चारशेवरून शून्यावर आला, हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी बघायला हवं. मी हे आधी फळ्यावर सूत्र मांडून करत नाही. आधी काटा हलू दे, सूत्र मागून येतंच.

नववी-दहावीला याच्या पुढं जाता येतं. दोनचाकी ट्रॉलीत पाच टन ऊस, हुकापासून आस चार मीटर, आणि भाराचा मध्य आसाच्या ४० सेंटीमीटर पुढं आहे असं धरा. हुकावर ५०० किलो येतात. हा ५०० किलोचा भार ट्रॅक्टरचं काय करतो? ट्रॅक्टरचा हूक मागच्या आसाच्याही मागं असतो. पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर दोन मीटर आणि हूक मागच्या आसाच्या ८० सेंटीमीटर मागं धरा. मग मागची चाकं टेकू होतात आणि पुढची चाकं २०० किलोनं हलकी होतात. गंमत म्हणजे मागच्या चाकांवर ५०० नाही, ७०० किलो वाढतात! मुलं म्हणतात, "सर, दोनशे आले कुठनं?" ते पुढच्या चाकांवरनं आले. स्टिअरिंग ज्या चाकांनी चालतं, ती चाकं हलकी झाली. वर चढ लागला, वर ड्रायव्हरनं क्लच झटक्यात सोडला, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जातो. म्हणूनच ओढण्याचा हूक मागच्या आसाच्या पातळीखालीच ठेवायचा असतो. वर कुठंतरी साखळी बांधून ओढलं की ओढच ट्रॅक्टरला मागं पाडायला लागते. शेतात अडकलेली ट्रॉली काढताना घाईत नेमकं हेच केलं जातं. पालकांपैकी कुणाचा ट्रॅक्टर असेल तर हा परिच्छेद त्यांच्यासाठी आहे.

मग तोच ५०० किलोचा भार मागच्या आसाच्या मागं न टाकता २० सेंटीमीटर पुढं टाकला तर? गणित मुलांना करू द्या. पुढची चाकं हलकी व्हायच्या ऐवजी ५० किलोनं जड होतात, मागच्यांवर ४५० येतात. गाडी जमिनीवर नीट बसते. या एका कल्पनेवर जगभरची मालवाहतूक उभी आहे. कागल किंवा निपाणीजवळ हायवेवर लांबलचक कंटेनर दिसतात, त्यांच्या पुढच्या इंजिनवाल्या भागाला ड्रायव्हर लोक 'घोडा' म्हणतात. घोड्याच्या पाठीवर, मागच्या आसांच्या वर, ग्रीस लावलेली एक मोठी खाचेची चकती असते. कंटेनरच्या पोटाखालचा खुंटा त्या खाचेत अडकतो. या खुंट्याला किंगपिन म्हणतात, त्याचा नेहमीचा व्यास दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलीमीटर. आणि त्या चकतीचं नाव 'फिफ्थ व्हील', पाचवं चाक.

चाक नसून चाक का म्हणतात? हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चारचाकी गाडी वळवायची तर पुढचा आस फिरला पाहिजे. त्यासाठी आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवं कडं बसवत. चार उभी चाकं आणि हे पाचवं आडवं. आता मुलांना आपल्याच चारचाकी ट्रॉलीखाली वाकून बघायला सांगा (उभ्या, रिकाम्या आणि चाकाला दगड लावलेल्या ट्रॉलीखाली!). पुढच्या आसावर टर्नटेबल म्हणतात ती गोल चकती दिसेल. ते मूळ पाचवं चाक. अशा ट्रॉलीचा भार तिच्या चारही चाकांवर राहतो, ट्रॅक्टरच्या हुकावर जवळजवळ काही येत नाही, हूक फक्त ओढतो. दोनचाकी ट्रॉलीचा हूक ओढतोही आणि भारही घेतो. हा फरक कळला की हूक निवडण्याचं निम्मं काम झालं.

भार घेणाऱ्या जोडाची मोटारयुगातली एक गोष्ट मुलांना आवडते. १९१४ साली अमेरिकेत डेट्रॉइटला ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराकडे एक लाकूडव्यापारी आला. त्याला आपली होडी फोर्ड मोटारीमागं लावून न्यायची होती. फ्रुहॉफनं गाडा तयार केला आणि त्याला 'सेमी-ट्रेलर' नाव दिलं. सेमी म्हणजे अर्धा, कारण अर्धा भार स्वतःच्या चाकांवर, उरलेला पुढच्या गाडीच्या पाठीवर. आपल्या बैलगाडीचंही तेच आहे, फक्त बैलांऐवजी मोटार.

आता मुलांच्या आवडीचा भाग. यूट्यूबवर ती अमेरिकेतले पिकअप ट्रक आणि त्यांच्यामागची फिरती घरं बघतात. त्या घराचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर येऊन बसलेला असतो, तिथंही पाचवं चाकच, पण लहान. पूर्वीच्या पिकअपचा हौदा आठ फुटांचा असे. आता माणसं बसायची जागा वाढली आणि बऱ्याच गाड्यांचा हौदा साडेपाच-साडेसहा फुटांवर आला. इथं पेच पडतो. जोड मागच्या आसावर ठेवला तर भार बरोबर पडतो, पण वळताना घराचा कोपरा ट्रकच्या केबिनला धडकतो. मागं सरकवला तर वळायला जागा मिळते, पण आपली जुनी तरफ परत येते आणि पुढची चाकं हलकी होतात.

हे कागदावर करून बघा. एक फुटाला एक सेंटीमीटर. घर म्हणून ८ सेंटीमीटर रुंद पुठ्ठा, त्याच्या पुढच्या कडेपासून दीड सेंटीमीटरवर मधोमध टाचणी. केबिनची मागची भिंत म्हणून एक रेघ, साधारण साडेसहा सेंटीमीटर लांब. टाचणी रेघेच्या मध्यासमोर ३.५ सेंटीमीटर मागं. पुठ्ठा फिरवा. ३५ अंशांच्या आसपास कोपरा रेघेला टेकतो. आता पायथागोरस: टाचणीपासून कोपरा किती लांब? दीडचा वर्ग २.२५, चारचा वर्ग १६, बेरीज १८.२५, वर्गमूळ सुमारे ४.२७. म्हणजे टाचणी ४.२७ सेंटीमीटरच्या पुढं, समजा ४.५ वर नेली, तर पुठ्ठा कितीही फिरवा, टेकणार नाही. फक्त एक सेंटीमीटरचा खेळ. म्हणून तिथं सरकणारे जोड मिळतात. सरळ रस्त्यावर आसाशी, घट्ट वळणावर फूटभर मागं. पण सरकणारा जोड म्हणजे जास्त पोलाद, जास्त वजन. तो शंभर किलोच्या घरातही जातो. उलट ॲल्युमिनियमचे साधे, न सरकणारे जोड वीसेक किलोतही मिळतात, एकटा माणूस उचलून काढू शकतो.

मग हलकाच घ्यावा की! मुलं एका सुरात हेच म्हणतात. त्यांना हिशेब घालायचा. उदाहरणादाखल, ट्रक एकूण ७२५ किलो अंगावर घेऊ शकतो, त्यात माणसंही आली. घर ३,००० किलोचं. पाचव्या चाकावर साधारण १५ ते २५ टक्के भार येतो, आपण २० धरू, म्हणजे ६०० किलो. उरले १२५. जोड ९० किलोचा असेल तर उरले ३५, ड्रायव्हरसुद्धा बसू शकत नाही. जोड २० किलोचा घेतला तर १०५ उरले, एक माणूस आणि त्याची पिशवी. बायको-मुलं? जोडाचं वजन ७० किलोनं कमी केलं तरी खरं दुखणं ६०० किलोंचं आहे. या ट्रकला हे घर जड आहे, जोड कुठलाही घ्या. माझ्या मते सगळ्या पाठातली सर्वात मोलाची जागा ही आहे. जाहिरात जोडाच्या वजनाबद्दल बोलते, आणि आपण त्या आकड्यात अडकून मोठा आकडा विचारायचाच विसरतो.

ॲल्युमिनियमबद्दल दोन वाक्यं. त्याची घनता २.७, लोखंडाची ७.८ च्या आसपास, म्हणजे वजन साधारण एकतृतीयांश. पण त्याचा ताठपणाही एकतृतीयांशच असतो. म्हणून पोलादाच्याच मापाचा तुकडा ॲल्युमिनियमचा करून भागत नाही, आकार बदलावा लागतो, आडव्या पट्ट्यांऐवजी तिरके पाय देऊन त्रिकोण करावे लागतात. स्ट्रॉच्या नळ्यांचा चौकोन आणि त्रिकोण करून दाबायला लावलं की हे पाच मिनिटांत कळतं.

आता परत आपल्या रस्त्यावर. ट्रॉलीचा हूक कितीही दणकट असला तरी सगळी ओढ एका पिनेवर असते. हुकाच्या वरच्या-खालच्या दोन पट्ट्यांमधून पिन जाते, म्हणजे तुटायची तर तिला दोन ठिकाणी तुटावं लागतं. एकच पट्टी असेल तर एकाच ठिकाणी. आणि ताकद व्यासाच्या वर्गावर जाते. ३० मिलीमीटरची पिन हरवली म्हणून २० मिलीमीटरची सळई घातली तर ताकद दोनतृतीयांश राहत नाही. चारशे भागिले नऊशे, निम्म्याहून कमी. शिवाय ती भोकात सैल बसते, प्रत्येक खड्ड्याला हातोडा मारल्यासारखी आपटते. पिन उडू नये म्हणून खाली क्लिप आणि जोड सुटलाच तर ट्रॉली मोकाट जाऊ नये म्हणून साखळी, या दोन वस्तूंना ट्रॉलीच्या मानानं काहीच पैसे लागत नाहीत. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सुटलेली ट्रॉली उतारावर थांबवायला कुणी नसतं. दर हंगामात अशा बातम्या पेपरात येतात, त्यांची कात्रणं वर्गात लावायला हरकत नाही.

शेवटची कृती मैदानावर घ्या. खडूनं तिट्ट्याचं वळण काढा. तीन मुलं एकामागं एक, मधे प्रत्येकी एकेक मीटरची काठी, पुढच्याच्या कंबरेशी मागच्यानं काठी धरायची. पुढचा मुलगा खडूच्या रेघेवरून वळेल, मागच्या दोघांनी फक्त काठीच्या दिशेनं चालायचं, रेघ बघायची नाही. तिघांच्या पायांच्या खुणा वेगवेगळ्या रंगाच्या खडूनं काढा. दुसऱ्याची वाट पहिल्याच्या आत, तिसऱ्याची त्याच्याही आत जाते. मग मुलांना विचारा, वळणावर ट्रॅक्टर वळतोय आणि तुम्हाला थांबायचंय, तर कुठल्या बाजूला थांबाल? बहुतेक जण आतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवतात, कारण ट्रॅक्टर तिथून लांबून गेलेला दिसतो. मागची ट्रॉली मात्र तोच कोपरा कापत येते. हंगामात वळणाच्या आतल्या बाजूची माती बघा, डांबर सोडून खाली उतरलेल्या टायरच्या खुणा असतात. मुलांना सोबत नेऊन टेपनं मोजा, डांबराच्या कडेपासून किती आत आहेत. आमच्या मुलांनी मोजलं तेव्हा टेप धरायला दोघं लागले आणि मी रस्त्यावर हात वर करून उभा होतो, तेवढी खबरदारी तुम्हीही घ्या.