घरमालकाचा सावकार : देजॉन येथील बिऱ्हाडाचा हिशेब

परदेशी गेलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो पगाराचा आणि दुसरा जेवणाचा. घराचे कोणी विचारीत नाही. भाडे दिले की घर मिळते, अशी आपली समजूत असते. माझीही तीच होती. पण माझा मावसभाऊ संशोधनासाठी दक्षिण कोरियातील देजॉन या शहरी गेला आणि पहिल्याच महिन्यात त्याने फोनवर मावशीला विचारले, "इथले मालक म्हणतात, भाडे नको, एकरकमी ठेव द्या आणि दोन वर्षे राहा, जाताना ठेव परत. घेऊ का?" मावशी एवढेच म्हणाली, "नको." हे उत्तर हिशेबाला धरून होते की केवळ भीतीपोटी, ते तपासावे म्हणून हा लेख.

आधी शहराविषयी थोडेसे. देजॉन म्हणजे 'मोठे शेत'. सोल-बुसान लोहमार्ग 1905 मध्ये सुरू झाला आणि त्यावरील एका स्थानकाभोवती हे गाव वाढले. 1973 पासून येथे शासनाने विज्ञाननगरी वसविण्यास आरंभ केला. काइस्ट ही नामांकित संस्था 1989 मध्ये सोलहून येथे आली. तरीही कोरियन तरुण या शहराला 'नोजेम', म्हणजे मजा नसलेले शहर, म्हणून चिडवितात. सोलहून जलद गाडीने तासाभरात येता येते. पुष्कळ लोक 1956 पासून चालत आलेल्या एका बेकरीतील पाव घेण्यास येतात आणि संध्याकाळी परत जातात म्हणे! युसॉंग भागात गरम पाण्याचे झरे आहेत. तेथे रस्त्याकडेला पाय सोडून फुकट बसता येते. दादाला हे शहर आवडले. शांतता आहे, सोलच्या मानाने घरे बरीच स्वस्त आहेत आणि हिवाळ्यात घराची जमीनच खालून तापविलेली असते. कचऱ्यासाठी पालिकेच्या ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात, एवढे एक त्याला प्रथम विचित्र वाटले.

आता मूळ मुद्दा. कोरियात घर भाड्याने घेण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. 'वॉल्से'मध्ये थोडी ठेव आणि दरमहा भाडे. 'जॉन्से'मध्ये घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असू शकेल एवढी मोठी ठेव. भाडे मात्र शून्य. देश झपाट्याने वाढत होता त्या दशकांत घरासाठी बँकेचे कर्ज मिळणे कठीण आणि व्याजाचे दर चढे होते. तेव्हा घरमालकाने भाडेकरूकडूनच भांडवल उभे केले. ती रक्कम बँकेत ठेवून तो व्याज खाई, नाही तर तिच्यात भर घालून दुसरे घर घेई.

वर्गमित्रांनी येथे वही काढावी. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. एक घर 10 कोटी वॉनच्या जॉन्सेवर मिळते. तेच 1 कोटी ठेव आणि दरमहा साडेचार लाख भाडे या वॉल्सेवर मिळते. म्हणजे 9 कोटी जास्त दिल्याने वर्षाचे 54 लाख वाचतात. दर झाला सहा टक्के. हेच 9 कोटी बँकेकडून चार टक्क्यांनी मिळाले, तर व्याज 36 लाख. वर्षाला 18 लाख वॉन नफा! परक्या नागरिकाला असे कर्ज सहजी मिळत नाही, हे खरे. पण ज्याला मिळते तो जॉन्सेच घेणार.

चूक कोठे आहे? आपण भाडेकरूचे खाते लिहिले, मालकाचे लिहिले नाही. मालकाच्या ताळेबंदात ही ठेव देणी या बाजूला येते. भाडेकरू हा त्याचा धनको आहे, आणि धनकोने विचारावयाचा प्रश्न 'भाडे किती' हा नसून 'माझ्या आधी रांगेत कोण उभे आहे' हा होय.

हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या कानडी मित्रांना 'मने भोग्यक्किदे' ही पाटी ठाऊक असेल. बेंगळूरकडे त्याला सरसकट 'लीज' म्हणतात. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात व्याजाच्या बदली ताबा देण्याचे जे गहाण सांगितले आहे, त्याचेच हे नात्यातले. त्या कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्यावरील अशा गहाणाचा दस्त नोंदवावा लागतो. व्यवहारात मात्र पुष्कळदा साध्या स्टँपपेपरवर भागवितात. मावशी बेंगळूरला अशाच घरात राहत होती. घर सोडल्यावर ठेव परत मिळण्यास तीन वर्षे लागली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. त्यातच दादाचे इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष हुकले. 'नको' त्यातून आले होते.

कोरियात जे घडले ते याहून मोठ्या प्रमाणावर. तेथील मध्यवर्ती बँकेचा दर 2020 मध्ये अर्धा टक्का होता, तो जानेवारी 2023 मध्ये साडेतीन टक्क्यांवर गेला. घरांच्या किमती उतरल्या. जुन्या भाडेकरूची ठेव नव्याच्या ठेवीतून फेडावयाची, हे चक्र थांबले. आणि ज्यांनी मुळातच बुडविण्याच्या हेतूने घरे घेतली होती, तेही उघडे पडले. मे 2023 मध्ये फसवणूकग्रस्तांसाठी खास कायदा करावा लागला.

देजॉनमध्ये अनेक बिऱ्हाडांची, पण एकाच मालकी नोंदीची इमारत हे दुखणे ठरले. समजा, इमारतीवर बँकेचे 60 कोटी कर्ज आहे आणि दहा भाडेकरूंच्या प्रत्येकी 10 कोटींच्या ठेवी आहेत. इमारत लिलावात 110 कोटींना गेली. बँक 60 घेऊन गेली. उरलेल्या 50 मध्ये पहिले पाच भाडेकरू भागले. सहाव्याला काही नाही. इमारतीच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा दिसतो, शेजाऱ्यांच्या ठेवी दिसत नाहीत. त्यांची माहिती मालकाने करार करतेवेळी द्यावी, अशी दुरुस्ती 2023 मध्ये झाली.

रांगेतील जागा भाडेकरूला कशी मिळते? 1981 च्या भाडेकरू संरक्षण कायद्याने. घरात राहावयास जायचे, पत्त्याची नोंद करायची (परक्या नागरिकाने पत्ता बदलल्याची नोंद पंधरा दिवसांत करावयाची असते) आणि करारावर सरकारी तारखेचा शिक्का घ्यायचा. पण गंमत अशी की, संरक्षण लागू होते दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री शून्य वाजता. मालकाने त्याच दिवशी दुपारी घर बँकेकडे गहाण टाकले, तर बँक पुढे! म्हणून शिक्का पंधराव्या दिवशी नव्हे, पहिल्याच दिवशी घ्यावा, आणि त्या दिवशी नवा बोजा चढविणार नाही, असे कलम करारात घालावे. ठेवीचा विमाही मिळतो. मात्र बोजा फार असलेल्या घराला तो नाकारला जातो. विमा नाकारला, एवढी एकच गोष्ट कळली तरी बरेच कळले, असे माझे मत आहे.

लहान ठेवीच्या भाडेकरूला मात्र कायदा ठरावीक रक्कम बँकेच्याही आधी देवितो. त्याची मर्यादा शहरागणिक वेगळी असते आणि वेळोवेळी बदलते. दादाने मग तिच्या आत राहून वॉल्से घेतली. वर्षाचे 18 लाख वॉन त्याने सोडले, असे त्याचे कोरियन सहकारी म्हणतात, आणि हिशेबाने ते बरोबरच आहेत. दादाने मावशीला शिक्का मारलेल्या कराराचे छायाचित्र पाठविले. तिला त्यातले एक अक्षर वाचता येत नाही. तिने तारीख तेवढी पाहिली.