घटना, नियम आणि आकृति

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठीं वर्गानें एक नियम केला: ‘उष्णता वाढून धूर झाल्यास धोक्याची घंटा व्हावी.’ नियम सर्वांस सरळ वाटला. इतक्यांत एका विद्यार्थिनीनें विचारलें, धूर आधीं दिसला व उष्णता मागाहून वाढली तर? आणि दोहोंमध्यें तासाचें अंतर पडलें तर?

विद्यार्थीमित्रांनों, गणकयंत्रास असें मोघम बोलणें चालत नाहीं. एकामागून एक येणाऱ्या घटना पारखण्याचे नियम त्यास द्यावयाचे, तर क्रम व कालमर्यादा स्पष्ट सांगावी लागते. आणि तें यंत्राच्या भाषेंत लिहिणें तज्ज्ञांचें काम. पण धोका कशांत आहे हें जाणतो तो आचारी! त्याचें ज्ञान यंत्रापर्यंत पोंचविण्याचें एक साधन म्हणजे आकृतिभाषा. वाक्यांत क्रमाचा प्रश्न लपून राहूं शकतो. बाण काढतांना मात्र तो कोठून कोठें जातो हें ठरवावेंच लागतें.

या मार्गावरील मोठें पाऊल इस्राएल देशांत पडलें. १९८२ च्या अखेरीस डेव्हिड हारेल हे गणकशास्त्रज्ञ ‘लावी’ नामक लढाऊ विमानाच्या अभियंत्यांस सल्ला देऊं लागले. प्रत्येकास आपल्या भागाचें उत्तम ज्ञान होतें. परंतु अमुक स्थितींत अमुक कळ दाबल्यास काय होईल, याचें उत्तर जाडजूड दस्तऐवजांत विखुरलेलें असे. हारेल यांनीं स्थितीसाठीं गोलसर कोपऱ्यांच्या चौकटी, चौकटींत चौकटी, आणि घटनांसाठीं बाण अशी पद्धति बसविली व १९८७ सालीं ती सविस्तर प्रसिद्ध केली. त्यांनीं सांगितलेली एक हकीकत मला फार आवडते. हवाई दलाचा एक वैमानिक तेथें आला असतां फळ्यावर अशी आकृति होती. तसली आकृति त्यानें पूर्वीं पाहिली नव्हती. थोडें समजावून देतांच त्यानें एका बाणाकडे बोट दाखविलें: हा येथें नव्हे, तेथें जावयास हवा. आणि चूक खरोखरच होती! ती विमान उडाल्यावर सांपडली असती तर? लावीची योजना १९८७ सालीं रद्द झाली. आकृतीची पद्धति मात्र टिकली.

अर्थात् प्रत्येक रेघेचा अर्थ आधीं ठरलेला नसेल, तर ती आकृति नव्हे, नुसतें चित्र. आणि बाण फार झाले कीं तज्ज्ञही त्यांत गुंततो.

आमच्या वर्गाची आकृति तीन चौकटींची झाली. आचारीबुवांनीं ती पाहिली आणि विचारलें, “गुरुजी, भाकऱ्या भाजतांना रोजच धूर होतो. तेव्हांही घंटा वाजणार काय?” चौथी चौकट काढावी लागली.