गाळ्याची वेबसाइट आणि गूगलचे बदलते नियम

भोसरी एमआयडीसीतल्या जॉबवर्कच्या गाळ्याला वेबसाइटवर महिन्याला पाच हजार माणसं आणून काय करायचंय? चाकणच्या एखाद्या टियर वन कंपनीतला पर्चेसवाला, तळेगावचा टूलरूम मॅनेजर, एका शाफ्टपायी लाइन उभी राहिलेला मेंटेनन्सवाला, अशी दहा माणसं आली तरी महिना निघतो. पण ‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणून रोज फोन करणारे दाखवतात तो आकडा पाच हजारांचा. खालची कृती त्या दहा माणसांसाठी आहे. आणि गंमत म्हणजे गूगलने गेल्या पंधरा वर्षांत जे नियम बदलले, त्यांचा सगळ्यात कमी मार याच पद्धतीने चालणाऱ्यांना बसला.

साहित्य फार नाही. डोमेनचं लॉगिन, गेल्या दोन-तीन वर्षांची कोटेशनची फाइल, बरा कॅमेरा असलेला फोन, आणि एक गुरुवार. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, मशीन बंद, फोन कमी. हे काम तेव्हाच होतं.

१. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा.
पुष्कळ गाळ्यांचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर नोंदलेलं असतं. तो पोरगा पुढे हिंजवडीत नोकरीला लागतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या मेलवर जाते आणि एके दिवशी साइट गायब होते. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही फर्मच्या मेलवर घ्या, मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येईल असं करा. हे झाल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

२. सर्च कन्सोल जोडा.
गूगलचं हे साधन फुकट आहे. लोकांनी काय टाइप केलं तेव्हा तुमची साइट दिसली, कितव्या क्रमांकावर दिसली, किती जणांनी दाबलं, हे ते सांगतं. जोडताना ‘डोमेन’ हा प्रकार निवडा आणि मिळालेला कोड डोमेनच्या डीएनएसमध्ये टाका, म्हणजे साइटचे सगळे पत्ते एकाच हिशेबात येतात. माहिती सोळा महिन्यांचीच राहते. त्यामुळे दर तिमाहीला एक्सेलमध्ये उतरवून ठेवा. वर्ष-दीड वर्षाने ‘आधी बरं होतं’ असं वाटेल तेव्हा बघायला कागद हवा.

३. शब्द कोटेशनच्या फाइलमधून काढा.
खरं काम इथे आहे, म्हणून अर्धा गुरुवार इथेच घालवा. चौकशीचे जुने मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडा. पर्चेसवाला ‘दर्जेदार प्रिसिजन सोल्यूशन्स’ मागत नाही. तो लिहितो: ईएन ८, ओडी ४५, लांबी २००, बोअर एच ७, ५०० नग, हार्डनिंगसह रेट द्या. याच शब्दांनी तो गूगलवरही शोधतो. एका वहीत चार रकाने पाडा: प्रक्रिया, मटेरियल, माप आणि टॉलरन्स, ठिकाण. पन्नास चौकश्या उतरवल्यात की लक्षात येतं की फिरून फिरून तेच दहा-बारा जोड येतात. हीच तुमची पानं.

ठिकाणाच्या रकान्यात एक मेख आहे. ‘पिंपरी-चिंचवड’ असं पूर्ण नाव टाइप करणारे थोडे. लोक पीसीएमसी लिहितात, भोसरी लिहितात, चाकण लिहितात. भोसरीचं इंग्रजी स्पेलिंगही दोन तऱ्हांनी होतं, ‘ए’ घालून आणि न घालता. गूगल त्यातलं बरंच समजून घेतं, तेव्हा दोन्ही स्पेलिंगं पानभर पेरायची गरज नाही. पत्त्यात एक नीट लिहा आणि सगळीकडे तेच ठेवा.

४. एका कामाला एक पान.
‘वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर’ने सुरू होणारा परिच्छेद काढून टाका. पर्चेसवाला फोनवर जे विचारतो त्याची उत्तरं त्याच क्रमाने लिहा. टर्निंगचं पान असेल तर: चक केवढा, जास्तीत जास्त व्यास आणि लांबी किती, बार फीडर आहे का, किती मायक्रॉनपर्यंत धरता, कोणतं मटेरियल नेहमी चालतं, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग घरात की बाहेरून, तपासणी कशावर, सीएमएम स्वतःचं की भाड्याने, पीपीएपीची कागदपत्रं देता का, कमीत कमी किती नग घेता, सँपल किती दिवसांत. व्हीएमसीचं पान असेल तर टेबलचं माप आणि तिन्ही अक्षांचा ट्रॅव्हल आधी. जे करत नाही तेही लिहा. ‘पाच नगांखाली काम घेत नाही’ या एका ओळीने निम्मे निरर्थक फोन वाचतात.

हे सगळं टाइप केलेल्या मजकुरात हवं. कंपनी प्रोफाइलची स्कॅन केलेली पीडीएफ चढवून काम झालं असं समजू नका. मशीन लिस्ट त्या चित्रात अडकून पडते. पानाचं शीर्षक इंग्रजीत ठेवा, कारण पर्चेसवाला इंग्रजीत शोधतो. मराठी पान मात्र एक जरूर करा, ऑपरेटर-सेटरच्या भरतीचं. आयटीआयचा मुलगा मराठीत शोधतो, आणि माणूस मिळणं हे हल्ली ऑर्डर मिळण्याइतकंच अवघड झालंय.

फोटो स्वतःच्या मशीनचे, स्वतःच्या जॉबचे. नेटवरून उचललेला निळ्या प्रकाशातला जर्मन कारखाना बघून कुणी फसत नाही. पण एक सांभाळा: ग्राहकाचा पार्ट, त्याचा पार्ट नंबर, टेबलावर राहिलेलं ड्रॉइंग यातलं काही फोटोत येता कामा नये. गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते आणि आपण विसरलेलो असतो. शंका असेल तर स्क्रॅपमधल्या तुकड्यावर तसंच एक फीचर मारून त्याचा फोटो काढा. शेजारी व्हर्निअर ठेवलात तर माप आपोआप बोलतं.

५. गावागणिक पानं पाडू नका.
एकच मजकूर घ्यायचा आणि भोसरीच्या जागी चाकण, मग तळवडे, मग रांजणगाव घालून वीस पानं करायची, हा धंदा अजून जोरात आहे. अशा पानांना गूगल ‘डोअरवे’ म्हणतं आणि २०१५ मध्ये त्यांच्याविरुद्धचा नियम आणखी कडक झाला. त्याऐवजी एकच पान करा: माल कुठे पोचवता, टेम्पो चाकणला कोणत्या वारी जातो, म्हाळुंगे-निघोजे-खराबवाडीकडे तातडीचा माल किती वेळात देता. पुणे-नाशिक रस्त्याची आणि चाकणच्या तळेगाव चौकाची कोंडी धरून खरा वेळ लिहा. असं पान दुसऱ्याला कॉपी करता येत नाही, कारण टेम्पो तुमचा आहे.

६. नकाशावरची नोंद.
गूगल बिझनेस प्रोफाइल ही वेबसाइटपेक्षाही आधी दिसणारी गोष्ट. नाव जीएसटी प्रमाणपत्रावर आहे तेच ठेवा. नावापुढे ‘बेस्ट सीएनसी जॉबवर्क इन चाकण’ असं शेपूट जोडलं तर नोंद बंद पडू शकते. पत्त्यात ब्लॉक आणि प्लॉट नंबर दोन्ही हवेत. पिनकोड तपासा: भोसरी एमआयडीसीचा ४११०२६, भोसरी गावाचा ४११०३९; चुकीचा टाकला की कुरिअरवाला गावात फिरतो. नकाशावरची खूण एमआयडीसीच्या गेटवर नको, तुमच्या शटरवर हवी. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात. रस्ता, बोर्ड आणि आतलं मशीन एका दमात दाखवायचं, म्हणून बोर्ड आधी पुसून घ्या. आणि सुट्टी गुरुवारची लिहा. बऱ्याच नोंदींत रविवार बंद आणि गुरुवार चालू असं उलटं असतं. रविवारी माल न्यायला येऊ शकणारा ग्राहक मग येतच नाही.

कार्डावर किंवा बिलावर अजून या प्रोफाइलमधून बनवलेल्या गूगलच्या फुकट साइटचा पत्ता असेल तर तो छापणं थांबवा. त्या साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या आणि पुढची वाट दाखवणंही त्याच वर्षी जूनमध्ये थांबलं.

रिव्ह्यू विकत घेऊ नका. माल पोचल्यावर ज्याने ‘छान झालं’ म्हटलं त्याला लिंक पाठवा, आणि काय काम केलं ते दोन शब्दांत लिहायला सांगा. एवढंच.

७. फोनवर उघडून बघा.
तेही ऑफिसच्या वायफायवर नको, शेडच्या आत पत्र्याखाली जी रेंज येते तिच्यावर. गूगल आता साइटचं मोबाइलवरचंच रूप धरून चालतं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, आणि वाचताना पान उड्या मारू नये, हे त्याचे निकष. गाळ्याच्या साइटवर दोष बहुतेक वेळा एकच असतो: वरचा सरकता स्लाइडर आणि त्यातले कॅमेऱ्यातून थेट चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो. स्लाइडर काढा, फोटो लहान करा. फोन नंबर दाबताच कॉल लागला पाहिजे. ‘मेटा कीवर्ड’साठी कुणी वेगळे पैसे मागितले तर चहा पाजून वाटेला लावा, गूगलने ते बघत नसल्याचं २००९ मध्येच जाहीर केलंय.

८. साइट नवी करताना जुने पत्ते सांभाळा.
नियम बदलल्यामुळे बुडाल्या असं सांगितल्या जाणाऱ्या साइट पुष्कळदा इथे बुडालेल्या असतात. नवी डिझाइन आली, पानांचे पत्ते बदलले, जुन्या पत्त्यावर ‘पान सापडत नाही’. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमची वळण-सूचना, म्हणजे ३०१ रिडायरेक्ट, लावून घ्या आणि त्याची यादी मागून घ्या. तयार होईपर्यंत साइट लपवायला लावलेला ‘नोइंडेक्स’ही निघालाय ना, ते स्वतः बघा.

९. चौकश्या आटल्या तर.
आधी घरातलं तपासा, मग गूगलला दोष द्या. सर्च कन्सोलमध्ये पडझडीच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे समोरासमोर ठेवा. एका दिवसात सगळं शून्यावर आलं असेल तर बिघाड बहुधा तुमच्याकडचा: होस्टिंग संपलं, नोइंडेक्स राहिलं, किंवा ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’खाली दंडाची नोटीस पडलीय.

क्रमांक तोच, दिसण्याचा आकडाही तोच, फक्त दाबणारे कमी झालेत? मग गूगल वरच्या वर उत्तर देतंय. भारतात एआयने तयार केलेली अशी उत्तरं ऑगस्ट २०२४ पासून दिसू लागली. ‘व्हीएमसी म्हणजे काय’, ‘हार्डनिंगचे प्रकार’ असे लेख त्यात आधी मेले. मेले तर मेले. ते वाचायला डिप्लोमाची मुलं येत होती, सबमिशनसाठी. त्यांच्याकडून एक नगाचीही ऑर्डर येणार नव्हती. ‘ईएन ८ शाफ्ट, ४५ व्यास, भोसरी’ याचं उत्तर मात्र वरच्या वर देता येत नाही. तिथे कुणाचा तरी फोन नंबर लागतोच.

क्रमांकच घसरला असेल तर गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर जा आणि कोअर अपडेट चालू आहे का ते बघा. असे बदल पुरे व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर हात बांधून बसा. बदल पुरा झाल्यावर आणखी आठवडाभर थांबून मग तुलना करा. कोणती पानं पडली त्यांची यादी काढली की कारण सहसा समोर येतं. २०११ च्या पांडा अपडेटने उचलेगिरीची पोकळ पानं आपटली, २०१२ च्या पेंग्विनने विकतच्या लिंका, मार्च २०२४ च्या नियमांनी यंत्राकडून घाऊक लिहून घेतलेला माल. नावं बदलली, पण सापडले ते गूगलला दाखवण्यासाठी लिहिणारे. तुमचं पडलेलं पान यांपैकी कशात मोडतं का, हे प्रामाणिकपणे बघा आणि तिसऱ्या पायरीतल्या वहीवरून ते पुन्हा लिहा. एआयची मदत घ्यायला हरकत नाही, इंग्रजी सुधारायला तो बरा आहे. पण टॉलरन्स त्याला ठरवू देऊ नका. तो बेधडक दोन मायक्रॉन लिहून मोकळा होईल आणि सँपल रिजेक्ट तुमचं होईल.

लिंका हव्यातच तर जिथे तुम्ही खरोखर आहात तिथून घ्या: मराठा चेंबरचं सभासदत्व, लघुउद्योग संघटनेची यादी, ऑटो क्लस्टरच्या प्रदर्शनातल्या स्टॉलची नोंद. इंडियामार्टसारख्या ठिकाणी नोंद असेल तर राहू द्या, पण तिथलाच मजकूर उचलून स्वतःच्या साइटवर चिकटवू नका.

१०. हिशेब.
व्हिजिटरचा आकडा महिन्यातून एकदा बघितला तरी पुरे. रोज बघायचं ते कोटेशन रजिस्टर. त्यात एक रकाना वाढवा: ‘नंबर कुठून मिळाला?’ फोन उचलणाऱ्याने हे विचारायचंच, आणि ‘गूगलवरून’ असं उत्तर आलं तर पुढे विचारायचं, ‘काय टाकलं होतं?’ मिळालेला शब्द जसाच्या तसा वहीत. सहा महिन्यांनी ज्या पानावरून एकही कोटेशन गेलं नाही ते पान उघडा आणि त्यात माप लिहिलंय का ते बघा. बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.